अनामिका मागे राहते

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या काकांना आमच्या ऑफिसच्या सवलतीत लॅपटॉप मिळवून दिला आणि त्यात विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं. त्याच लॅपटॉपच्या टचपॅडचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्रॅम, सांभाळायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून छाती जरा फुगलेलीच. आठवड्याभरात फोन आला. ‘अरे, बाण हलवायला जातो तर पानच सरकतं.’

‘काका, हात जरा हलका ठेवा.’ आमच्या धंद्यातलं हे हुकमी उत्तर.

पंधरा दिवस मी डेस्कवर बोटं घासली, काहीच सापडलं नाही. शेवटी रविवारी त्यांच्याकडेच जाऊन इव्हटेस्ट लावलं, म्हणजे बोटांची प्रत्येक हालचाल आकड्यांत दाखवणारं साधन.

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बोटांची हजेरी घेतो. प्रत्येक बोटाला एक स्लॉट, म्हणजे रकाना. टेकलं की ट्रॅकिंग आयडी मिळतो, उचललं की त्या जागी उणे एक. २०१० पासून ही पद्धत आहे आणि मला ती फार देखणी वाटते. इथे मात्र काकांनी दोन बोटांनी पान सरकवून हात उचलला, तर उणे एक आला एकाच स्लॉटवर. दुसरं बोट फर्मवेअरच्या, म्हणजे पॅडच्या आतल्या प्रोग्रॅमच्या, हिशेबी पॅडवरच. मग पुढचं एक बोट टेकलं, की झाली दोन!

असली चिकट बोटं कर्नलला नवी नाहीत. १०० मिलिसेकंद पॅडकडून काहीच आलं नाही तर एक टायमर राहिलेली बोटं स्वतःच उचलतो. पण काकांचं पुढचं बोट त्याच्या आत पडत होतं. काका तबलजी. इथल्या गायनशाळेत शिकलेले, १८८६ साली सयाजीरावांनी काढलेल्या. मधलं बोट आणि अनामिका जोडून उचलायची पन्नास वर्षांची सवय. दोन्ही एकाच फ्रेममध्ये, म्हणजे पॅडने पाठवलेल्या एकाच क्षणाच्या नोंदीत, वर, आणि फर्मवेअर नेमकं तिथेच चुकत होतं. आमच्या टेस्टिंगमध्ये असं कुणी उचलतच नाही. चाचण्यांची यादी ज्यांनी केली त्यांना माणसाची बोटं एकामागून एक सुटतात हे गृहीतच.

‘फ्रेममध्ये दिसलं नाही ते उचललं’ अशी एक सोय ड्रायव्हरमध्ये आहे. ती या मॉडेलला लावली. धोका एवढाच, की काही पॅड नुसतं टेकून ठेवलेलं बोट कळवायचं सोडून देतात. मग बटण दाबून ओढताना अंगठाच गायब. म्हणून अंगठा दाबून ठेवून पाच मिनिटं लॉग पाहिला. हे पॅड प्रत्येक फ्रेमला इमानाने सांगत होतं. फर्मवेअरवाल्यांना काकांच्या बोटांचा आणि अंगठ्याचा, दोन्ही लॉग पाठवले. त्यांचं उत्तर एका ओळीचं: विंडोजवर अडचण नाही.

काकू शेवउसळ घेऊन आल्या तेव्हा काका सरासर पान सरकवत होते. ‘हात हलका झाला वाटतं माझा,’ म्हणाले. मी प्लेटीत पाव मोडत राहिलो.

डेस्कवर अजून अधूनमधून इव्हटेस्ट लावून दोन बोटं एकदम उचलून बघतो. अनामिका दोन-तीन फ्रेम मागे राहते.