तुम्ही विचारलंत म्हणून : मोबाइल बोलतो, मग ब्रेल कशाला?

"मॅडम, आता मोबाइल सगळं वाचून दाखवतो. मग पोरांना ही टिंबं टोचायला कशाला बसवता?"

हा प्रश्न मला मुख्याध्यापकांनी विचारलाय, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी काकांनी विचारलाय, आणि मागच्या महिन्यात एका मुलाच्या वडिलांनी नवाकोरा फोन माझ्यापुढे धरून विचारला. मी फिरती विशेष शिक्षिका. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये जिथे न दिसणारं किंवा कमी दिसणारं मूल असेल तिथे जाते. स्कूटीच्या डिकीत दोन ब्रेल पाट्या, टोचायचे स्टायलस, जाड कागदांचा गठ्ठा आणि गणिताची टेलर फ्रेम, म्हणजे खिळे खोचून आकडे मांडायची पाटी. पुढची शाळा गाठायची घाई असते, त्यामुळे दारात उभ्या उभ्या देते ते उत्तर नेहमी अर्धंच राहतं. आज बसून देते.

आधी एक कबूल करते. फोनवर माझा राग नाही. मायकल करन आणि जेम्स तेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी उभा केलेला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, 2006 पासून फुकट मिळतो, आणि त्याने माझ्या किती विद्यार्थ्यांना कॉलेज पार करून दिलं हे मी पाहिलंय. ती मुलं तो इतक्या वेगाने ऐकतात की मला नुसती भुणभुण ऐकू येते. ब्रेल त्या मानाने फार हळू. शिवाय जड. शाळेचं एक पुस्तक ब्रेलमध्ये आलं की त्याचे चार-पाच खंड होतात आणि दप्तराऐवजी पोतं लागतं.

तरीही मी टिंबं का टोचायला लावते, ते एका मुलीमुळे सांगणं सोपं जाईल.

ती माझ्याकडे आली तेव्हा आठवीत होती. हुशार, पाठांतर चोख. आधीच्या शाळेत तिच्या आईवडिलांना सांगितलं होतं की आता ब्रेलची गरज उरलेली नाही, रेकॉर्डिंग ऐकू द्या. परीक्षेला लेखनिक, म्हणजे शुद्धलेखनही लेखनिकाचंच. गुण उत्तम. एकदा मी तिला लॅपटॉपवर स्वतःचं नाव टाइप करायला सांगितलं. तिच्या नावात पोटफोड्या ष आहे. तिने शेंडीफोड्या श टाकला. मी म्हटलं, अगं, हा नाही, दुसरा. ती म्हणाली, "दुसरा कुठला?" मराठीत श दोन आहेत हे तिला आठवीपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी कसं? दोन्ही कानाला सारखेच लागतात. पुढे पाहिलं तर 'काहीतरी' हा एक शब्द की दोन, 'आणि'तली वेलांटी पहिली की दुसरी, सगळाच अंदाजपंचे कारभार.

तुम्ही म्हणाल, फोनला अक्षर-अक्षर वाचायला सांगता येतं की. येतं. पण त्यासाठी आधी शंका यावी लागते. डोळस मुलाला शंका न येताही हजार वेळा ष दिसतो. रस्त्यावरच्या पाटीवर, बिस्किटाच्या पुड्यावर, भिंतीवरच्या जाहिरातीत. बोटाखाली ब्रेल असलेल्या मुलालाही तो तसाच न मागता भेटत राहतो.

आपली भारती ब्रेल 1951 पासूनची, आणि बहुतेक सगळ्या भारतीय भाषांना तीच चालते. सहा टिंबांचं एक घर, त्यात एक अक्षर. डावीकडे वरून खाली एक-दोन-तीन, उजवीकडे चार-पाच-सहा. श म्हणजे एक-चार-सहा ही तीन टिंबं, ष म्हणजे एक-दोन-तीन-चार-सहा ही पाच. बोटाला हा फरक लगेच कळतो, त्यासाठी कुणाचं पोट फोडायला लागत नाही. काना-मात्रा-वेलांटी अक्षराला चिकटत नाही, तिला स्वतःचं घर मिळतं. 'किती' लिहायचं तर क, मग इ, मग त, मग ई. इ दोन-चार, ई तीन-पाच. म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ, ज्यावर आपल्याकडे घरोघरी मुलांनी मार खाल्लाय, ते या मुलांना दोन वेगळ्या वस्तूंसारखं हाताला लागतं. छापील मराठीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी का येते हा पहिलीतल्या पोरांचा सनातन गोंधळ इथे उद्भवतच नाही.

गणितात तर नुसत्या कानाची पंचाईतच होते. "क्ष अधिक एक छेद दोन" असं कुणी वाचून दाखवलं, तर दोनाने फक्त एकाला भागायचं की सगळ्याला? गणिताची ब्रेल पद्धत बसवणारे अब्राहम नेमेथ स्वतः अंध गणितज्ञ होते. अपूर्णांक कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याला त्यांनी वेगळ्या खुणाच दिल्या.

आता संशोधनाचं विचाराल, कारण शिक्षक बैठकीत कुणीतरी "याला आधार काय?" म्हणतंच. सगळ्यात जास्त सांगितला जातो तो रूबी राइल्स यांचा 1996 चा अभ्यास. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या, जन्मापासून दृष्टिदोष असलेल्या प्रौढांचा. लहानपणी ब्रेलवर वाचायला शिकलेल्यांत बेकारी 44 टक्के, छापील अक्षरांवर शिकलेल्यांत 77. आमच्या क्षेत्रात हे आकडे झेंड्यासारखे मिरवले जातात, म्हणून दोन गोष्टी बजावते. एक, ज्या मुलाला ब्रेल शिकवायला माणूस मिळाला त्याला बाकीचा आधारही बरा मिळाला असणार. सगळं श्रेय टिंबांना देता येत नाही. दोन, ही तुलना ब्रेल आणि फोनची नाहीच, ब्रेल आणि छापील अक्षरांची आहे.

पण त्या दुसऱ्या मुद्द्यातच माझं अर्धं काम दडलेलं आहे. माझ्याकडे पूर्ण अंध मुलांपेक्षा अल्पदृष्टीची मुलं जास्त. "थोडं दिसतंय ना, मग कशाला ब्रेल!" आणि मग ते पोर नाक कागदाला टेकवून, मान वाकडी करून, एक ओळ वाचायला दोन मिनिटं घेतं आणि डोकं दुखतं म्हणून पुस्तक मिटतं. त्याला आळशी म्हणतात. या मुलांना मी दोन्ही शिकवते, भिंगही आणि ब्रेलही. आईवडिलांना ब्रेल म्हणजे आशा सोडल्यासारखं वाटतं. कितीदा तरी त्यांच्याशी चहा पीत बसावं लागतं.

दुसरी गैरसमजूत अशी की देव एक डोळा मिटतो आणि बोटाला दृष्टी देतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात 2011 मध्ये अंध आणि डोळस लोकांच्या स्पर्शाची बारीक तपासणी झाली. बोटांच्या टोकांवर अंधांचा स्पर्श सरस ठरला. ओठांवर नाही. म्हणजे देणगी सगळ्या कातडीला मिळालेली नाही, बोट वापरून वापरून तयार झालंय. आमच्याकडे हे कुठल्याही सुईणीला, सोनाराला विचारलं असतं तरी कळलं असतं, पण मोजून कळलेलं बरं.

मेंदूचं तर मला अजून नवल वाटतं. 1996 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात सादातो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अंध माणूस ब्रेल वाचतो तेव्हा डोक्याच्या मागचा, एरवी पाहण्याचं काम करणारा भाग जागा होतो. आणि 2000 मध्ये एका जन्मांध बाईंची हकीकत प्रसिद्ध झाली. त्या ब्रेल सराईत वाचायच्या. पक्षाघाताने नेमका तोच भाग दोन्ही बाजूंनी गेला. हाताचा स्पर्श शाबूत, टिंबं लागत होती, पण वाचता येईना. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पाटी हातात घेऊन बराच वेळ नुसती बसले होते.

कुठे ब्रेलचा आग्रह धरत नाही, तेही सांगते. गावातल्या एका आजोबांची नजर मधुमेहाने गेली. त्याच मधुमेहाने बोटंही बधिर केलेली. त्यांना टिंबं लागणार नाहीत. त्यांच्या नातवाने फोनमधलं बोलणारं ॲप चालू करून दिलं आणि आजोबा आता रोज सकाळी अग्रलेखावर भांडतात. उत्तम.

आणि वाचायला आहे काय, असं विचाराल तर थोडं आहे. 2008 पासून मराठीत 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल पाक्षिक निघालं, स्वागत थोरात त्याचे संपादक. एका मुलाने पहिला अंक हातात घेतल्यावर विचारलं होतं, "हा मी मनातल्या मनात वाचू शकतो?" तोवर त्याला सगळं कुणाच्या तरी आवाजात मिळालं होतं.

त्या फोनवाल्या वडिलांना मी यातलं काही सांगितलं नाही. पाटी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, ल लिहा, एक-दोन-तीन, डाव्या बाजूची उभी तीन टिंबं. शेतातली राठ बोटं, पण जपून टोचलं. मी कागद उलटून मुलापुढे धरला. त्याने बोट फिरवलं आणि फिस्सकन हसला.

"बाबा, हा ल नाही. ळ झालाय."

पाटीवर टोचायचं उजवीकडून डावीकडे, अक्षरही आरशातल्यासारखं उलटं, कारण वाचताना कागद पालथा होतो. सरळ टोचला तर ल चा ळ होतो, क चा ख, ब चा भ. वडिलांनी कागद पुन्हा मागितला. पोराने त्यांचं मनगट धरून पाटीच्या उजव्या टोकाला नेलं. "इथनं सुरू करायचं," म्हणाला.