शिळे पेट्रोल

अन्न शिळे होते हे आपण लहानपणापासून ऐकत आलेलो असतो. पेट्रोलही शिळे होते, ही गोष्ट मात्र मला चेनसॉची, म्हणजे पेट्रोलवर चालणाऱ्या करवतीची, दोरी ओढून ओढून खांदा भरून आल्यावर पटली. वाऱ्याने मोडून पडलेल्या एका फांदीचे तुकडे करण्यासाठी, जवळजवळ दहा महिने कोपऱ्यात पडून असलेली करवत मी बाहेर काढली होती. टाकीत अर्ध्यापर्यंत इंधन दिसत होते आणि इंधन असूनही यंत्र सुरू होत नाही म्हणजे दोष ठिणगीचाच, असा निष्कर्ष काढून मी मोकळा झालो. नवा स्पार्क प्लग आणून बसवला. फरक एवढाच पडला, की आता दुसरा खांदाही दुखू लागला.

जुना प्लग काढला तेव्हाच त्याच्याकडे नीट पाहायला हवे होते. चोक लावून दहा-बारा वेळा दोरी ओढल्यावरही प्लगचे टोक कोरडे ठणठणीत राहिले, तर इंधन सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही असे समजावे; ते ओलेचिंब निघाले, तर इंधन फाजील झाले आहे किंवा ठिणगी पडत नाही. माझा प्लग कोरडा होता. खात्री करण्यासाठी प्लगच्या भोकातून पेट्रोल आणि ऑइलच्या ताज्या मिश्रणाचे (ही करवत त्यावरच चालते) चार-पाच थेंब आत सोडले, प्लग परत घट्ट केला आणि दोरी ओढली, तेव्हा करवत क्षणभर फडफडली आणि विझली. म्हणजे ठिणगीही होती, कॉम्प्रेशनही (सिलिंडरमधला दाब) होते. खोट होती ती टाकीपासून सिलिंडरपर्यंतच्या वीतभर वाटेत.

टाकीचे झाकण उघडून वास घेतला, तर पेट्रोलचा तो ओळखीचा झणझणीत वास कुठेच नव्हता. जुन्या वॉर्निशसारखे काहीतरी कोंदट नाकाला लागले. रंगावर भिस्त ठेवून उपयोग नसतो, कारण टू-स्ट्रोक ऑइलमध्ये बहुधा रंग घातलेलाच असतो आणि जुने मिश्रणही त्यामुळे ताजे भासते. पेट्रोलमधले जे हलके घटक पटकन वाफ होऊन थंड इंजिनाला पेटते करतात, तेच आधी उडून जातात आणि मागे राहिलेल्या भागाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन चिकट राळ तयार होते. त्यात इथेनॉल मिसळलेले असेल तर ते हवेतली ओल शोषून घेते. ओल प्रमाणाबाहेर गेली की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. टाकीतल्या नळीच्या टोकाला वजनदार फिल्टर लावलेला असतो, तो करवत कशीही धरली तरी तळ गाठावा म्हणून. त्यामुळे इंजिनाच्या वाट्याला आधी तळाचेच येते.

टाकी रिकामी करून नवा फिल्टर घातला, कडक होऊन भेगाळलेली नळी बदलली आणि हवेत इंधन मिसळून इंजिनाला देणारा कार्बोरेटर खोलला. चेनसॉच्या कार्बोरेटरमध्ये मोटारसायकलच्या कार्बोरेटरसारखा तरंगता फ्लोट नसतो, कारण ही करवत आडवी, तिरकी, कधी उलटीही चालावी लागते. तिथे पातळ पडद्यांचे राज्य असते: क्रँककेसमधल्या, म्हणजे पिस्टनखालच्या बंदिस्त पेटीतल्या, दाबाच्या चढउताराने एक पडदा हलून इंधन खेचतो आणि दुसरा पडदा एका चिमुकल्या सुईच्या मदतीने ते मोजून आत सोडतो. हा दुसरा पडदा बोटाने दाबला, तर जुन्या कागदासारखा कुरकुरला. तो मऊ, लवचीक असायला हवा. त्याच्या खालची सुई राळेने चिकटून बसली होती आणि आतली नखाएवढी जाळी तपकिरी साईने भरून गेली होती. बारीक छिद्रांत तार घालण्याचा मोह आवरला, कारण छिद्र जरासे मोठे झाले तरी मापच बदलते. क्लीनरचा फवारा मारला, हवा फुंकली आणि पडदे, गॅस्केट नवे घातले. त्यांचा क्रम पहिल्या खेपेस उलटा लावला, हेही इथे कबूल करतो. खोलण्याआधी फोटो काढून ठेवणे मला सुचले ते दुसऱ्या खेपेस.

मिश्रणही नव्याने केले. पुस्तिकेत 50:1 हे प्रमाण सांगितले होते, म्हणजे लिटरमागे 20 मिलिलिटर ऑइल; काही जुन्या यंत्रांना 25:1 लागते, तेव्हा ते 40 मिलिलिटर होते. या इंजिनाला वंगण इंधनातूनच मिळत असल्यामुळे, कार्बोरेटरचे स्क्रू अंदाजाने पिळून इंधन कमी करणे म्हणजे पिस्टनशी वैर धरणे होय, आणि आधी घाण काढायची सोडून स्क्रूला हात घालणारे माझ्यासारखे बरेच असतात.

चौथ्या ओढीला करवत सुरू झाली. धूर ओकत, मग सरळ होत, चांगली पाच मिनिटे चालली आणि हळूहळू दम सोडत बंद पडली. मी कार्बोरेटरकडे रागाने पाहिले. मग सहज टाकीचे झाकण सैल केले, तर ‘फुस्स’ करून हवा आत शिरली आणि पुढच्याच ओढीला यंत्र पुन्हा धडधडू लागले. टाकीतून जेवढे इंधन जाते तेवढी हवा आत यावी म्हणून ठेवलेले श्वासछिद्र धुळीने बुजले होते. टाकीत पोकळी होऊन इंधन वरच चढत नव्हते. ते छिद्र साफ करायला दोन मिनिटे लागली.

फांदी अर्ध्या तासात संपली. त्यानंतर टाकी ओतून रिकामी केली, करवत पुन्हा सुरू केली आणि कार्बोरेटरमधला शेवटचा थेंब जळून ती आपोआप विझेपर्यंत तिच्याजवळ उभा राहिलो.