तुम्ही विचारलंत म्हणून: ते काळं, टोकदार अक्षर कुठलं आणि कुठे वापरावं

बडोद्यात दांडिया बाजारच्या माझ्या दुकानात पत्रिका करायला येणारी निम्मी मंडळी मोबाइल पुढे करतात. "काका, ते न्यूयॉर्क टाइम्सच्या नावासारखं काळं, टोकदार अक्षर असतं ना, त्यात कराल का?"

करतो. ब्लॅकलेटर म्हणतात त्याला. पण कुठे आणि किती, ते मी ठरवतो. एकदा ठरवलं नाही, गिऱ्हाइकाचं ऐकलं. रिसेप्शनच्या इंग्रजी कार्डावर मुलीचं नाव सगळं कॅपिटलमध्ये! या अक्षरातलं कॅपिटल 'ए' बरेचदा 'यू'सारखं दिसतं. अनिताच्या आत्याने चारचौघांत 'उनिता' वाचलं. तेव्हापासून पहिलं अक्षर मोठं, बाकी लहान. पत्ता आणि वेळ तर यात कधीच नाही.

मुळात हे लेखणीचं अक्षर. रुंद, चपटं टोक एकाच कोनात धरून ओढलं की उभी रेघ जाड, तिरकी केसाएवढी आणि वरखाली शंकरपाळ्यासारखे चौकोन. युरोपात बाराव्या शतकापासून असं लिहीत. गुटेनबर्गने १४५५च्या सुमारास बायबल छापलं, त्याचे खिळेही (छपाईची धातूची अक्षरं) याच वळणाचे. या प्रकाराला टेक्स्चुरा म्हणतात, म्हणजे विणलेलं. इंग्रजी 'मिनिमम' लिहून बघा, ओळीने पंधरा उभ्या काड्या! 'आय'वरची खूण त्या काड्यांच्या गर्दीत अक्षर ओळखू यावं म्हणूनच आली.

कोणी याला नाझींचं अक्षर म्हणतात. जर्मनीत शतकानुशतकं चाललेलं हे वळण १९४१ साली बंद केलं ते नाझींनीच. वर्तमानपत्राचं नाव, प्रमाणपत्राचं शीर्षक, दंडावरचा टॅटू, इथे ते शोभतं. बीअरच्या बाटलीवरही, पण आपल्या गुजरातेत ती सोय नाही.

मग पुढचा हट्ट: "मराठीतही तसंच करा." म्हणजे देवनागरीला शिंगं लावा. मी गप्प बोरू काढतो. त्याचं टोक तिरकं कापलेलं, कोन रोमनच्या उलट, त्यामुळे जाडी भलत्याच जागी येते. अक्षरं जवळ घेतली, शिरोरेषा दाट ओढली की तसाच काळोख भरतो, शिंगांवाचून.

परवा एका नवरदेवाला असं 'चि.' आणि त्याचं नाव लिहून दाखवलं. बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "मस्त! काका, हा फाँट कुठून डाउनलोड केलात?"