कारवीचा गाजावाजा

कारवी हे डोंगरउतारावरचं झुडूप. ती फुलली की सह्याद्रीत बघ्यांची जत्रा भरते. सात वर्षांतून एकदा, मग झाड मरणार, मग पुन्हा सात वर्षं थांबा! सात हा आकडा इतका लाडका, की कुणी वजाबाकी करायच्या भानगडीत पडत नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. करा हिशोब.

बरं, कारवी दुर्मिळ म्हणावी तर तीही नाही. उतारच्या उतार तिनं भरलेले. कुडाच्या भिंतींसाठी तिच्या सरळ काठ्या पिढ्यान्पिढ्या तोडल्या गेल्या, तरी ती हटली नाही. फुलं ऑगस्ट-सप्टेंबरात, बोंडं वाळून झाडावरच थांबतात आणि पुढच्या पावसाचं पाणी लागलं की तडतड फुटतात. अख्खं रान एकदम बी उधळतं, खाणारे खाऊन खाऊन किती खाणार?

दुर्मिळ आहे ती शिंदळ माकुडी, कड्यांवरची एक छोटी मांसल वनस्पती, आणि ती फुलते दर वर्षी. १८६०च्या दशकात डाल्झेल या वनस्पतीशास्त्रज्ञाने जुन्नरच्या डोंगरांतून तिची नोंद केली आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला फ्रेरिया नाव दिलं. महाराष्ट्राबाहेर ती रानात सापडत नाही. इथेही शिवनेरी, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणी, कड्याच्या फटींत. १९७८ च्या आंतरराष्ट्रीय रेड डेटा बुकात, म्हणजे धोक्यातल्या वनस्पतींच्या नोंदवहीत, तिचं नाव आहे.

फूल किरमिजी, चांदणीसारखं, वर पिवळे ठिपके, आणि वास माश्यांना आवडेल असा. अशा वासाच्या फुलासाठी कोण सुट्टी काढणार? शिवाय पराग सुटा नसतो, त्याचे गोळे असतात. माशीचा अवयव नेमका खाचेत अडकून गोळा ओढला जायला हवा, तो पुढच्या फुलाच्या खाचेत बसायला हवा. बहुतेकदा हे जमत नाही, म्हणून शेंगा कमी. त्यात वस्ती हातभर फटीतली. एक वणवा किंवा एक दरड पुरते.

कुंडीत मात्र ती सहज येते, आणि फसगत इथेच होते. एका फांदीपासून केलेल्या शंभर कुंड्या म्हणजे शेवटी एकच झाड. कड्यावरचं वैविध्य त्यात येत नाही. तरी लावायचीच तर रोपवाटिकेतल्या झाडाची फांदी घ्यावी, कड्यावरची नव्हे. कापल्यावर चीक सुकेपर्यंत काही दिवस सावलीत ठेवावी, मग भरड वाळू आणि खडीच्या मिश्रणात टेकवावी. पावसाळा संपला की पानं गळतात. ती मेलेली नसते, हिरव्या खोडावर जगत असते. घाबरून पाणी वाढवलं, की बुडखा कुजून खरंच मरते.