गाडी किती वाजताची?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आमच्या दिग्रसकडच्या गावात पारावर बसणाऱ्या प्रत्येकानं हे एकदा तरी विचारलंय. "गुरुजी, पोरगा पुण्याले कमावते, नागपुरात येवढे नवे हॉटेलं झाले, अन् तुमी त्या गणेशपेठेतल्या जुन्या लॉजातच काऊन उतरता?"

जुना आहेच. जिना अरुंद, खाट करकरते, आणि न्हाणीतल्या नळाला एकदा मीच चिंधी बांधली होती.

पण मी नागपूरला हौसेनं जात नाही. धरणात शेत गेलं. वाढीव मोबदल्याचं अपील हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात आहे. वकील म्हणतात, तुम्ही यायची गरज नाही. ज्याचं शेत गेलं त्याला मात्र घरी बसवत नाही. कोर्ट साडेदहाला बसतं, आणि इकडून सकाळच्या एसटीनं निघालो तर यवतमाळ करत पोचेपर्यंत माझा जीव टांगणीला. म्हणून आदल्या संध्याकाळी निघतो, रात्री नऊ-साडेनऊला पोचतो.

मागे मुलानं मोबाईलवरून एका नव्या हॉटेलात खोली घेऊन दिली. गादी अशी की पाठीनं चाळीस वर्षांत पहिल्यांदा तक्रार केली नाही. पाणी गरम, चादर पांढरीशुभ्र. दुसऱ्या दिवशी बोर्डावर आमचा नंबर ऐंशीच्या पुढे. साडेअकराला व्हरांड्यात फोन वाजला, "सर, चेक-आऊट बारा वाजता आहे." पोरगा अगदी नम्र होता, नियमही आधी लिहून दिलेला, त्याची चूक काहीच नाही. ऑटो केला, पिशवी घेतली, परत आलो. तेवढ्यात पुकारा होऊन पुढची तारीख पडली होती. मी असतो तरी तीच पडली असती म्हणा.

आमच्या लॉजात हिशेब चोवीस तासांचा. रात्री नऊला आलात तर दुसऱ्या रात्री नऊपर्यंत खोली तुमची. कोर्टात चार वाजोत की पाच, पिशवी खोलीत, डोकं निवांत. मॅनेजरकाका (वयानं माझ्याहून लहान, पण सगळे काकाच म्हणतात) पहिला प्रश्न विचारतात, "जेवलात का?" आणि दुसरा, "गाडी किती वाजताची?" ती वेळ काउंटरमागच्या पाटीवर खडूनं खोली नंबरापुढे लिहितात. पहाटेची गाडी असली तर चारला दारावर थाप, मागोमाग गरम पाण्याची बादली. रात्री उशीर झाला तर खानावळ बंद व्हायच्या आत माझं ताट आणून झाकून ठेवलेलं असतं: वांग्याची भाजी, दोन पोळ्या, कच्चा कांदा. शहराच्या घड्याळाशी मला जुळवून घ्यावं लागत नाही, एवढंच माझं उत्तर आहे.

1953 च्या नागपूर करारात वर्षाला विधिमंडळाचं एक तरी अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरलं. त्यामुळे डिसेंबरात आमदारांचे कार्यकर्ते, मोर्चेवाले, निवेदनवाले, सगळे एकदम उतरतात. खोली मिळत नाही, मिळाली तर भाव ऐकून घाम फुटतो. अशाच एका डिसेंबरात मी न कळवता पोचलो. काकांनी ऑफिसातली स्वतःची खाट मला दिली आणि आपण बाकावर आडवे झाले. सकाळी अर्धं भाडं घेतलं. फुकट म्हणाले असते तर मी पुन्हा तिथे पाय ठेवला नसता, आणि हे त्यांना माहीत होतं.

आता दुसरी बाजू सांगितली नाही तर ते खोटं होईल. रजिस्टरात नाव, गाव, कुठून आलात, कुठे जाणार, काम काय, एवढेच रकाने छापलेत. पण आडनाव लिहिताना काका मान वर करून विचारतात, "म्हंजे कोणते तुमी?" माझं निभावून जातं. सगळ्यांचं जात असेल असं मी म्हणणार नाही. पुतणी परीक्षेला गेली तेव्हा माझं नाव सांगूनही तिला खोली मिळाली नाही. एकटी पोरगी, कशाला भानगड, म्हणाले. ती त्याच नव्या हॉटेलात दोन रात्री निर्धास्त राहिली. तिला कुणी काही विचारलं नाही, आणि तिला तेच हवं होतं. त्या वेळी मी काकांशी भांडलो. ते गप्प राहिले, मग चहा मागवला. मी तो प्यालो, याची मला अजून थोडी लाज वाटते.

यंदा काउंटरवर त्यांचा मुलगा बसतो. भिंतीवर नवी छापील पाटी आलीये, चेक-आऊट दुपारी बारा. मी ती वाचत उभा होतो. पोरानं आधार कार्डाचा फोटो काढला, पैसे मोबाईलवर घेतले, किल्ली सरकवली. मी जिना चढायला लागलो तशी खालून हाक आली, "गुरुजी, गाडी किती वाजताची?"

खडू मात्र त्याला सापडत नव्हता.