वही का मिटायला लावता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. पुण्यात मी जपानी शिकवते आणि प्रत्येक नव्या बॅचमध्ये कुणी ना कुणी विचारतंच, "सेन्सेई, पहिले दोन आठवडे वही का मिटायला लावता? लिहून नाही घेतलं तर लक्षात कसं राहणार?"

लिहून घेतलं की चुकीचं लक्षात राहतं, म्हणून. वाक्याच्या शेवटी येणारा शब्द तुम्ही देवनागरीत 'देसु' लिहिता आणि मराठी सवयीने 'देसू' वाचता. जपानी माणसाच्या तोंडून तो जवळजवळ 'देस' असा येतो, शेवटचा उकार ओठांतच विरतो. एकदा 'देसू' पाठ झालं की ती सवय मोडायला महिने जातात.

त्यापेक्षा आधी ऐकायचं आणि उत्तर हातापायांनी द्यायचं. 'तात्ते कुदासाई' म्हणत मी उठते, तुम्ही उठता. 'सुवात्ते कुदासाई' म्हटलं की बसता. चार-पाच वेळा झालं की मी जागची हलत नाही, नुसती बोलते. ही पद्धत माझी नाही. जेम्स अ‍ॅशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात असे हुकूम देऊन शिकवण्याचे प्रयोग केले आणि त्यांतल्या सुरुवातीच्या प्रयोगांत जपानीही होती.

मला सगळ्यात आवडतो तो कात्रीचा तास. 'किते' म्हणजे या, 'कीते' म्हणजे ऐका, 'कित्ते' म्हणजे कापा. जोडाक्षर आपल्या कानाला सोपं जातं. मका आणि मक्का यांत आपला घोटाळा होत नाही. ऱ्हस्व-दीर्घ मात्र आपण कागदावरच पाळतो, बोलताना फारसं नाही. त्यामुळे 'कीते कुदासाई' म्हटलं की निम्मा वर्ग उठून माझ्याकडे यायला निघतो. मी नियम सांगत नाही. 'की' म्हणताना हात लांब ताणते आणि पुन्हा म्हणते. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कुणीतरी उठता उठता थबकतं आणि हात कानाशी नेतं. त्यासाठीच मी शिकवते.

तोवर बोलायची सक्ती नाही. ज्याला बोलावंसं वाटेल त्याने बोलावं. 'काल', 'कारण' असे शब्द हुकुमांतून शिकवता येत नाहीत, तिथे चित्रं आणि छोट्या गोष्टी घेते.

तिसऱ्या आठवड्यात हिरागाना ही जपानी लिपी सुरू होते, तेव्हा वही जरूर आणा. 'कीते' लिहिताना 'कि'पुढे एक 'इ' जास्तीचा काढावा लागतो. तो कशाला, हे तेव्हा कुणी विचारत नाही.