घाणेरीच्या झुडपापाशी

कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवताना परागीभवनाचे प्रकरण मी वर्षानुवर्षे फळ्यावरच उरकत आलो होतो. गेल्या ऑक्टोबरात मात्र बारावीची एक तुकडी घेऊन महाविद्यालयामागच्या टेकडीवर गेलो. तिथे घाणेरीने पायवाटसुद्धा गिळली आहे. एरवी आम्ही तिला शिव्याच घालतो.

घाणेरीच्या गुच्छात मधली ताजी फुले पिवळी, तर कडेची जुनी फुले गुलाबी दिसतात. परागीभवन झाले की पाकळ्यांत अँथोसायनिन हे लालसर-जांभळे रंगद्रव्य तयार होऊ लागते, हे दिल्ली विद्यापीठातील मोहन राम आणि गीता माथुर यांनी १९७०च्या दशकात दाखवले. मकरंद असतो तो पिवळ्या फुलांत. ब्राझीलमध्ये स्थायिक झालेल्या फ्रिट्झ म्युलर यांनी तर १८७७ मध्येच नोंदवले होते की, रंग पालटलेल्या जुन्या फुलांना फुलपाखरे शिवत नाहीत.

कोणत्या फुलावर फुलपाखरे किती वेळा बसतात हे मोजायला मुलांनी वहीत दोन रकाने आखले. पिवळ्याखाली रेघा वाढत गेल्या, गुलाबी रकाना कोरा राहिला. रिकामी फुले झाड गाळून का टाकत नाही, या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे तयार होते: जुन्या फुलांमुळे गुच्छ लांबून ठसठशीत दिसतो, आणि जवळ आलेल्या फुलपाखराला रंग नेमक्या फुलाकडे वळवतो, ज्या झुडपांनी त्याची फेरी अशी वाया जाऊ दिली नाही, त्यांना बीही अधिक धरले. फूल आणि फुलपाखरू यांनी हा संकेत पिढ्यानुपिढ्या मिळून घडवला, असेही मी ओघात बोलून गेलो.

"सर, घाणेरी तर अमेरिकेतून आलेली, आणि हे हळदीकुंकू फुलपाखरू आपल्याकडचे," एक मुलगी म्हणाली. "मग यांनी मिळून कधी घडवला?"

माझे वाक्य चुकलेच होते. संकेत घडला अमेरिकेत. तो वाचायला मात्र सोबत उत्क्रांत झालेलेच डोळे लागत नाहीत. फुलपाखरे रंग आणि मकरंद यांची सांगड स्वतःच्या अनुभवातून घालू शकतात, हे प्रयोगांतून दिसले आहे. परक्या मुलखात घाणेरीला पाहुण्यांची वानवा पडली नाही, त्यात या सोप्या खुणेचाही वाटा असावा.

उतरताना त्याच मुलीने मला थांबवले. पंख अगदी कोरे करकरीत असलेल्या एका हळदीकुंकूने गुलाबी फुलात सोंड घालून लगेच काढली, शेजारच्या गुलाबी फुलातही तसेच केले, आणि मग मधल्या पिवळ्यावर ते बराच वेळ स्थिरावले.

"नवीन असणार," ती म्हणाली, आणि तिने गुलाबी रकान्यात दोन रेघा ओढल्या.